छज्जा अर्धा की पूर्ण?

गावाला घर बांधायला काढलंय म्हटल्यावर डोंबिवलीतल्या निम्म्या ओळखीच्यांनी एकच विषय लावून धरला, सिमेंट कुठलं घेणार. हे घे, ते अजिबात नको, माझ्या साडूने ते घेतलं आणि भेगा पडल्या वगैरे. पण दर जो स्क्वेअर फुटाचा ठरतो तो फूट कुठून कुठपर्यंत मोजायचा हे आधी ठरव, असं एकानेही सांगितलं नाही. आणि खरी मारामारी तिथेच असते.

घर राजापूर तालुक्यात. जुनं मातीचं होतं, मागची भिंत झुकलेली, पावसात आई त्या खोलीत झोपायला तयार नसायची. सातबारा सामाईक, त्यावर चुलत्यांची आणि त्यांच्या पोरांची नावं, त्या सह्या कशा मिळाल्या यावर वेगळा ग्रंथ होईल, तो राहू दे. तर सह्या झाल्या, रत्नागिरीच्या एका इंजिनियरकडून नकाशा आणि आरसीसी ड्रॉइंग (सळी-काँक्रीटचा आराखडा) करून घेतलं (त्याची फी वेगळी दिली, कंत्राटदाराच्या ओळखीतला इंजिनियर घ्यायचा नाही हे माझ्या बायकोचं म्हणणं, आणि ते शंभर टक्के बरोबर निघालं), आणि मग रेट मागवले.

एक रेट आला १८०० रुपये फूट, हा आमच्याच गावचा माणूस, त्याला सगळे शेट म्हणतात. दुसरा आला २००० रुपये, तो तालुक्याच्या गावातला. दोघेही विथ मटेरियल, म्हणजे माल-मजुरी दोन्ही त्यांची, फरशी नळ रंग वगळून. बाबा म्हणाले यात विचार कसला करायचा, अठराशेवाला घरचा माणूस आहे. हिशोब सोपा जावा म्हणून आकडे गोल करून सांगतो. घर बाहेरून बाहेर ३० बाय ४०, म्हणजे १२०० फूट. पण कोकणात पाऊस किती, रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर, त्यामुळे चारी बाजूंनी स्लॅब अडीच फूट बाहेर काढलेला (हाच छज्जा), नाहीतर भिंती भिजून जातात. आता शेट मोजणार स्लॅबच्या कडेपासून कडेपर्यंत, म्हणजे ३५ बाय ४५, १५७५ फूट. आणि तालुक्यावाला मोजणार भिंतीपासून भिंतीपर्यंत. करा गुणाकार. अठराशेवाल्याचं बिल २८,३५,००० आणि दोन हजारवाल्याचं २४,००,०००. स्वस्तवाला सव्वाचार लाखांहून जास्त महाग! आणि यात कोणी कोणाला फसवत नव्हतं हं, दोघांची मोजायची पद्धत वेगळी, एवढंच. पण विचारल्याशिवाय कोणी सांगत पण नाही.

मग ओटीवर बैठक बसली. शेट, बाबा, मी, आणि गावातले एक रिटायर्ड तलाठी जे अशा प्रत्येक बैठकीला न बोलावता असतातच. मी विचारलं, छज्जा अर्धा धरणार की पूर्ण? शेट म्हणाले, "दादा, सळी पूर्ण जाते, सिमेंट पूर्ण जातं, मग मी अर्धा कसा धरू?" त्यांच्या जागी बरोबर होतं त्यांचं. पण छज्ज्याखाली ना भिंत, ना प्लास्टर, ना जोतं, ना पाया, म्हणजे खर्च काही पूर्ण नाही. शेवटी अर्ध्यावर तोडलं. छज्ज्याचे ३७५, त्याचे निम्मे १८७.५, अधिक घराचे १२००, म्हणजे १३८७.५ फूट, २५ लाखांच्या जरा आत. तालुक्यावाल्यापेक्षा लाखभर जास्तच, पण माणूस गावातला, पावसात काही झालं तर हाकेच्या अंतरावर, ते बाबांचं म्हणणं मी मान्य केलं. मग तसंच एकेक विचारत गेलो. पडवी पूर्ण, कारण तिला कॉलम आहेत. जिना एकदाच धरायचा, खाली एकदा आणि वर एकदा असा दोनदा नाही. गच्चीचा कठडा रनिंग फुटाने, म्हणजे नुसत्या लांबीवर, वेगळा. सेप्टिक टँक धरलाय का? नाही. पाण्याची टाकी? नाही. बाहेरून प्लास्टर की चिऱ्यांच्या (जांभ्या दगडांच्या) मधल्या फटी, म्हणजे नुसत्या दर्जा, भरायच्या? इथे शेट जरा थांबले आणि म्हणाले, "चिरा दिसला पाहिजे ना दादा, शोभा असते त्याला." शोभा असतेच, आणि प्लास्टर वाचतं. आम्हालाही चिराच दाखवायचा होता म्हणून हो म्हटलं, पण मग चिरा निवडून घेणार हे लिहून घेतलं.

कारण चिऱ्याचं काय असतं, एकाच खाणीतून आलेल्या एका ट्रकमध्ये पण कडक आणि मऊ दोन्ही निघतात. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागून कडक होत जातो हे खरं, पण ज्याच्यात पिवळ्या मातीचे ठोकळेच्या ठोकळे असतात तो काही कडक होत नाही, दोन पावसाळ्यांत तिथे भोकं पडतात. बाबा हातोडी घेऊन ट्रकजवळ उभे राहायचे, ठोकायचे, आवाज बद्द आला की चिरा बाजूला. गवंडी वैतागायचे. पण बाजूला काढलेले चिरे वाया नाही गेले, आतल्या भिंतींना जिथे दोन्हीकडून प्लास्टर होतं तिथे लागले.

लेबर रेट (नुसती मजुरी, माल आपला) की विथ मटेरियल हा पण लोकांचा आवडता वाद आहे. माझं मत असं की दोन्हीकडे लक्ष ठेवावंच लागतं, फक्त वेगळ्या ठिकाणी. लेबरवर दिलं की तुमचं सिमेंट पाण्यासारखं वापरतात, विथ मटेरियल दिलं की तेच सिमेंट केशरासारखं चिमटीने टाकतात. आमचं दुसरं प्रकरण, त्यामुळे मी सळी आणि माल, म्हणजे कालवलेलं काँक्रीट, यावर डोळा ठेवून होतो. मुंबईत बसून जेवढा ठेवता येतो तेवढा. रात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडायची, सकाळी साइटवर.

स्लॅबच्या आदल्या दिवशी संध्याकाळी इंजिनियरला घेऊन वर चढलो. सळी बांधून झालेली, लांबून बघायला एकदम मस्त. इंजिनियर खाली वाकला, टेप लावला, दोन सळ्यांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी सहा इंच, बरोबर, पण जिन्याच्या मागच्या कोपऱ्यात जिथे सहसा कोणी जाऊन बघत नाही तिथे आठ इंच. आणि सळी थेट खालच्या सेंट्रिंगच्या प्लेटांवर टेकलेली, सळी उचलून धरणारे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, कुठेच नाहीत. शेट म्हणाले, "साहेब, माल टाकताना पोरं हुकने उचलतात ना जाळी, आमचं नेहमीचं आहे." हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक साइटवर ऐकायला मिळतं बहुतेक. आता मिक्सर चालू, घमेली पळतायत, वर दहा माणसं त्याच जाळीवर पाय देऊन चालतायत, त्यात कोण हुक घेऊन कुठली जाळी उचलतं? स्लॅबच्या सळीखाली निदान २० मिलीमीटर काँक्रीट पाहिजे, नाहीतर दमट हवेत सळी गंजते, फुगते आणि मग छताचे पोपडे डोक्यात पडतात, कोकणातल्या कुठल्याही जुन्या शाळेत किंवा एसटी स्टँडात वर बघा म्हणजे कळेल. इंजिनियर शांत माणूस. म्हणाला, ब्लॉक लागल्याशिवाय आणि त्या कोपऱ्यात सळ्या वाढवल्याशिवाय मी उद्याच्या स्लॅबला हो म्हणणार नाही. शेटनी सेंट्रिंगवाल्या पोरांवर आवाज चढवला, जसं काही त्यांनाच आत्ता कळलं. पण रात्री हॅलोजन लावून केलं हो सगळं, राजापुरातून ब्लॉकच्या पिशव्या आणल्या, ते श्रेय देतो.

दुसऱ्या दिवशी वाद पाण्यावरून. मिक्सरवाल्याला पाईपने पाणी सोडायची सवय, माल पातळ झाला की पटकन सरकतो, मेहनत कमी. सिमेंटच्या एका ५० किलोच्या गोणीला पाणी पंचवीस ते सत्तावीस लिटर पुरे, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मी पाईप काढून घेतला आणि मापाची बादली ठेवली. पहिला तासभर सगळे माझ्याकडे असे बघत होते की मी त्यांच्या जेवणातलं मटण काढून घेतलंय. (मटण होतं, स्लॅबच्या जेवणात तडजोड नाही.)

स्लॅब एप्रिलच्या शेवटी झाला. खरं तर मार्चमध्ये व्हायचा होता. पण कोकणात बांधकामाचं शेड्यूल एक्सेलमध्ये करायचंच नाही. शिमग्याला पालखी घरोघरी फिरणार म्हणजे गवंडी येणार नाही, ते जाऊ दे, आपणही नाचतोच. मग विजापूरकडची लेबर त्यांच्या गावच्या जत्रेला गेली. ती आली तोवर आंबा सुरू, गावातली पोरं आंबे काढायला, तिथे मजुरी चांगली आणि वर जेवण. आणि मिरग (मृगाचा पाऊस) काही थांबत नाही, ७ जूनच्या आसपास येणार म्हणजे येणार, चिऱ्याच्या खाणी पाण्याने भरणार, मग थेट दिवाळी.

आणि एप्रिल-मे म्हणजे विहिरीला तळ. पीपीसी (राख वगैरे मिसळलेल्या) सिमेंटला किमान दहा दिवस तरी पाणी मारायला पाहिजे असं आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात आहे, आणि इथे प्यायलाच पाणी जपून. स्लॅबवर सिमेंटची बारीक आळी बांधून त्यात पाणी भरून ठेवलं, टँकर मागवला. पाणी मारणं अॅग्रीमेंटमध्ये मालकाकडे होतं. बाबा पहाटे उठून वर, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा, गच्चीवर तळं करून त्यात चिमण्या कशा येतात त्याचे फोटो फॅमिली ग्रुपवर. आठवडा होतो न होतो तर शेट प्लेटा आणि टेकू काढायला माणसं घेऊन हजर, दुसऱ्या साइटला पाहिजेत, भाडं चढतंय. बाबांनी इंजिनियरला फोन लावून स्पीकरवर ठेवला. बीमखालचे टेकू चौदा दिवसांच्या आत हलवायचे नाहीत. शेट चहा पिऊन गेले.

पैशांचं एवढंच सांगतो की भूमिपूजनालाच तीस टक्के मागितले होते, दहावर आणलं आणि बाकीचे जोतं, स्लॅब, बांधकाम, प्लास्टर असे टप्प्याला. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा गेल्यावर. यावर सगळ्यात जास्त कुरकुर झाली, आणि हेच सगळ्यात कामाला आलं. जुलैत स्वयंपाकघराच्या खिडकीच्या वरून पाणी आत झिरपायला लागलं, आईने भांडं लावलं, शेटना फोन गेला आणि शेट रेनकोट घालून त्याच दिवशी संध्याकाळी दारात. छज्ज्याला खालून पाणतोंड, म्हणजे पाणी कडेलाच ठिबकावं म्हणून खाच, काढायचं राहिलं होतं, पाणी उलटं भिंतीकडे येत होतं. करून दिलं. दसऱ्याला त्यांचा हिशोब चुकता केला.

आता मागच्या बाजूचा गडगा (दगडी कुंपण) घालायचाय, गुरं शिरतात. काम शेटनाच देणार, त्यात प्रश्न नाही, बाबा आणि ते रोज संध्याकाळी ओटीवर बसतातच. फक्त त्यांचं म्हणणं रेट ब्रासवर (शंभर घनफुटाला), माझं म्हणणं रनिंग फुटावर आणि उंची लिहून, आणि जमीन उताराची आहे त्यामुळे उंची नक्की कुठून मोजायची इथे सध्या घोडं अडलंय.