तुम्ही विचारलेत म्हणून: विमानतळावरच्या लाउंजच्या रांगेत मी का उभी राहते

"तुम्हाला काय कमी आहे, मग फुकटच्या उपम्यासाठी त्या रांगेत कशाला तिष्ठता?" हा प्रश्न मला नात्यातली माणसे विचारतात, सोसायटीतली विचारतात आणि मुलीकडे दिल्लीला जायचे ठरले की हमखास विचारतात. आजवर मी वेळ मारून नेली, पण आता सांगूनच टाकते.

मला मधुमेह आहे हे तुम्ही जाणता. जेवणाआधी जे इन्सुलिन मी घेते ते साधारण १५ मिनिटांत कामाला लागते, आणि मग पोटात काही गेले नाही तर रक्तातली साखर फार उतरते, त्यामुळे ते टोचल्यावर ताट वेळेत समोर येणे ही नुसती सोय नसते. फूड कोर्टात टोकन घेतल्यावर ताट कधी येईल हे काउंटरवरच्या मुलालाही सांगता येत नाही, आणि खेटून मांडलेल्या टेबलांच्या गर्दीत पोटावरचा पदर सरकवून इन्सुलिनचे पेन टोचणे मला जमत नाही. लाउंजमध्ये, म्हणजे बँकेच्या कार्डावर प्रवेश मिळणाऱ्या त्या विश्रामकक्षात, इडली, उपमा, वरण-भात मांडलेले असते, ते पाहून मात्रा ठरवता येते. शिवाय ते फुकटही नसते. दारात कार्डावरून दोन रुपये कापले जातात आणि उरलेले बँक भरते, हे खरे. पण २०२४ पासून अनेक बँकांनी आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच प्रवेश, अशी अट घातली आहे.

एका परतीच्या प्रवासात, विमानतळाचे नाव इथे महत्त्वाचे नाही, विमानाला बराच उशीर होता. त्या लाउंजच्या दारात तोवर मला कधी फार थांबावे लागले नव्हते, म्हणून शेजारच्या स्वच्छतागृहात इन्सुलिन घेऊन मी रांगेत उभी राहिले. रांग हलेना. शेवटी काउंटरपाशी पोहोचले तर यंत्राने कार्ड नाकारले, दुसरेही नाकारले. पैसे भरते म्हटले, तर गर्दीमुळे आज पैसे घेऊन प्रवेश बंद असल्याचे कळले. "मॅडम, साइड में हो जाइए," एवढे बोलून त्या मुलीने पुढच्यांचा बोर्डिंग पास हातात घेतला. मला दरदरून घाम फुटला होता. ग्लुकोजची पुडी पर्समध्येच होती, पण थरथरत्या बोटांना चेन उघडेना. तेवढ्यात मागचे गृहस्थ, माझ्याच वयाचे, पत्नीला मराठीत म्हणाले, "एवढीच भूक लागली होती तर बाहेर विकत घ्यायचं ना." मला मराठी कळत असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नसावे. मी खांबाला टेकून खाली फरशीवर बसले, पुडी दातांनी फाडली आणि कोरडी पावडर तोंडात ओतली. साखर मोजायच्या मीटरवर ५८ आकडा होता. ७० च्या खाली गेले की तातडीने साखर घ्यायची, हे मला पाठ आहे. पुन्हा तपासण्यासाठी १५ मिनिटे थांबायचे असते, आणि तेवढा वेळ रांगेतली माणसे माझ्याकडे पाहत होती.

तुमचा प्रश्न मला त्या गृहस्थांच्या आवाजात ऐकू येतो. म्हणून मी चिडते.

आता ताट समोर आल्याशिवाय मी पेन उघडत नाही. मग घाईचे कारण उरले नाही, तर लाउंज तरी कशाला, असे तुम्ही म्हणाल, आणि त्यावर माझ्याकडे पुरे उत्तर नाही. तिथली शांतता मला आवडते. स्वच्छ स्वच्छतागृह आवडते. दार लागले की बाहेरचा गोंगाट तुटतो, तेही आवडते, आणि हे कबूल करताना मला बरे वाटत नाही, कारण विमानतळासारख्या सार्वजनिक जागेत आतले आणि बाहेरचे असे दोन वर्ग कशाला हवेत, असा वाद मीच एके काळी घरात घालत असे. ती मी चुकीची होते असे मला आजही वाटत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर उडान यात्री कॅफे सुरू झाला आणि तिथे दहा रुपयांत चहा मिळू लागला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तसे तयार, स्वस्त खाणे आणि टोचून घ्यायला एक आडोसा प्रत्येक टर्मिनलवर सर्वांना मिळाला, तर माझे निम्मे कारण संपेल. उरलेल्या निम्म्याचे काय करायचे, यावर माझा आणि माझ्यातल्या त्या जुन्या बाईचा वाद अजून चालू आहे.

पुढच्या महिन्यात दिल्लीला जायचे आहे. कार्डाची तिमाहीची अट पूर्ण झाली आहे का, ते मी आजच बँकेला विचारून ठेवले आहे.