घटस्फोट, घोडबंदरचा फ्लॅट आणि तांदळातलं नाव

पॅनचा नंबर तोच, फोटो माझा, सही माझी. तरी आमचा फ्लॅट घेणाऱ्यांच्या बँकेच्या वकिलाच्या लेखी मी ती बाई नव्हतेच. त्याच्या रिपोर्टातली ओळ अजून पाठ आहे: ‘विक्रेता क्रमांक दोनची ओळख पटत नाही.’ सोळा वर्षं त्या घराचा निम्मा हप्ता माझ्या पगारातून गेला. हप्ता कापताना मात्र ओळख पटायची गरज कुणालाच वाटली नव्हती.

झालं असं की 2006 साली लग्नात सासरच्यांनी माझं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नाव लिहितात, तसं. अक्षर गुरुजींनी काढून दिलं, नाव सासूबाईंनी ठरवलं, आणि मला ते ताट समोर आल्यावर कळलं. नोकरी मी आधीपासून करत होते, त्यामुळे पॅन, पगाराचं खातं, पुढे आधार, सगळं माहेरच्याच नावाने राहिलं. सासरचं नाव फक्त रेशनकार्डावर आणि लग्नपत्रिकांवर. पण 2009 मध्ये कासारवडवलीला फ्लॅट घेतला तेव्हा फॉर्म सासऱ्यांनी भरला, आणि ॲग्रीमेंटमध्ये, इंडेक्स टूमध्ये (म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्यात), सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर ते तांदळातलं नाव जाऊन बसलं. शेजारी पॅन नंबर मात्र माझा खरा. घेताना सगळ्यांना चाललं.

घटस्फोट परस्पर संमतीचा होता, म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं कलम 13-बी. ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात पहिली तारीख सुरळीत झाली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुसरी तारीख सहा महिन्यांनी. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017च्या निकालानंतर हा काळ माफ करून मागता येतो, पण वकीलबाई म्हणाल्या, “घाई कशाला? आधी घर मोकळं करा, पैसे वाटून घ्या, मग उभ्या राहा.” अर्ज केल्यापासून अठरा महिन्यांच्या आत दुसरी तारीख व्हायला हवी, हेही त्यांनीच सांगितलं. मला वाटलं, अठरा महिने म्हणजे चिक्कार.

गिऱ्हाईक तीन आठवड्यांत मिळालं. दोन लाख टोकन, साठ दिवसांत रजिस्ट्रेशन. आणि मग तो रिपोर्ट आला.

आधी नोटरी. 500च्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र, की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची. नऊ दिवसांनी उत्तर आलं: पुरेसं नाही. पूर्ण पहिलं नावच वेगळं आहे, नुसतं आडनाव बदललं असतं तर चाललं असतं. मग लग्नाचा दाखला दिला. त्यावर माझं माहेरचंच नाव, कारण नोंदणीच्या वेळी कागद माहेरचे दिले होते. तांदळातल्या नावाचा त्यात पत्ताच नाही. मग सोसायटीचं पत्र मागितलं. सेक्रेटरी काका मला पंधरा वर्षं ओळखतात, माझ्या हातचे उकडीचे मोदक खाल्लेत त्यांनी. पण म्हणाले, “असं पत्र कमिटीपुढे ठेवावं लागेल.” कमिटी बसते महिन्याच्या पहिल्या रविवारी, आणि पहिला रविवार परवाच होऊन गेला होता.

याच सुमारास बँकेतल्या मॅडमनी सुचवलं की नवऱ्याने लिहून द्यावं, ही माझीच बायको. ज्याच्यापासून सुटायला मी कोर्टात गेले, त्यानेच मी कोण ते सांगायचं. मी रागाने फोन ठेवला. त्याला मात्र सांगितल्यावर त्याने दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून अर्धी रजा टाकून प्रतिज्ञापत्र करून दिलं, कुरकुर न करता. हे श्रेय त्याला द्यायला हवं. चार दिवसांनी बँकेचं म्हणणं: तुमचा घटस्फोट चालू आहे ना, मग यांचं प्रतिज्ञापत्र कसं धरायचं? त्या रात्री मी अल्बम काढला आणि त्या ताटाचा फोटो एजंटला व्हॉट्सॲप केला, खाली लिहिलं, ‘हाच पुरावा.’ त्या बिचाऱ्याने तो खरंच बँकेला पुढे पाठवला.

शेवटी मार्ग निघाला राजपत्राचा, म्हणजे नावातला बदल सरकारी गॅझेटमध्ये छापून घ्यायचा. शासन मुद्रण संचालनालयाच्या साइटवर ऑनलाइन अर्ज होतो, मुंबईला चर्नी रोडच्या त्यांच्या ऑफिसात जावं लागत नाही. मी डोकं धरून बसले होते, की जे नाव टाकायला निघालेय ते आता सरकारदरबारी नव्याने लावून घ्यायचं? नौपाड्यातला अर्ज भरून देणारा पोरगा म्हणाला, “उलटं टाका ना ताई. जुनं नाव सासरचं, नवीन नाव माहेरचं. दोन्ही एका ओळीत छापून येतात, बँकेला तेवढंच लागतं.” इतकं सोपं वकील, बँक, एजंट कुणालाही सुचलं नव्हतं. कारणात घटस्फोट लिहू नका, कोर्टाचा हुकूमनामा मागतील, असंही त्यानेच सांगितलं. आमचा तर अजून व्हायचाच होता.

तरी अर्ज एकदा परत आला. तांदळातल्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग ॲग्रीमेंटच्या पहिल्या पानावर ‘यू’ने आणि सहीच्या पानावर ‘आय’ने होतं. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा वाट. साठ दिवस उलटून गेले. खरेदीदार दर दोन दिवसांनी विचारत, आणि मी दर दोन दिवसांनी “या आठवड्यात नक्की” म्हणे. मला रात्री झोप लागत नव्हती, हे कबूल करते. राजपत्र आलं तेव्हा मोबाइलवर ती एक ओळ मोठी करून करून पाहिली. बँकेने ते बारा मिनिटांत मान्य केलं. बारा. मी वेळ लावून पाहिला.

म्हणून घर विकायचं मनात आल्याबरोबर ॲग्रीमेंट, शेअर सर्टिफिकेट, पॅन आणि आधार शेजारी ठेवून नावं अक्षर न् अक्षर जुळवा. गिऱ्हाईक शोधण्याआधी.

आठवलं म्हणून सांगते: संमतीच्या अटींमध्ये विक्री होईपर्यंत हप्ता कोण भरणार, मेंटेनन्स कोण, दलाली कोण, हे लिहून घ्या. आम्ही दलाली विसरलो, तीवरून एक भांडण झालं. पैसे दोन वेगळ्या नावांनी दोन पे-ऑर्डरमध्ये मागा. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार 1 टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतो, आणि विकणारे दोघे म्हणून आमच्या वेळी तो भरायचे 26क्यूबी फॉर्मही दोघांचे वेगवेगळे होते. कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. मी हे नुसतं बोलून दाखवलं, कागद अठराव्या दिवशी आले. भांडवली नफा दोघांचा स्वतंत्र धरतात. 23 जुलै 2024च्या आधी घेतलेल्या घराला साडेबारा टक्के कर की इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे वाढवलेली खरेदी किंमत) धरून 20 टक्के, हे सीएकडून दोन्ही प्रकारे मांडून घ्या. माझ्या सीएचं पहिलं गणित चुकलं होतं.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी आम्ही दोघं एकाच बाकावर. खरेदीदारांनी फ्लॅट एकट्या बायकोच्या नावावर घेतला, मुद्रांक शुल्कात 1 टक्का वाचतो म्हणून. ती मुलगी तिशीची असेल. मी तिला हळूच म्हटलं, “तुझं नाव पॅनशी ताडून बघ गं.” तिने पाहिलं. मधलं नाव ड्राफ्टमध्ये नवऱ्याचं, पॅनवर वडिलांचं. मग एजंट खाली झेरॉक्सवाल्याकडे पळाला, पानं बदलून आणेपर्यंत आमचा नंबर गेला, तिचा नवरा घड्याळ बघत फेऱ्या मारायला लागला.

माझ्या शेजारून आवाज आला, “हिला आत्ताच कुठून सुचलं हे?”

मी मोबाइलमध्ये बघत राहिले. पुढचा नंबर लागायला पाऊण तास गेला.