झारिना अलेक्सांद्राची युद्धातली पत्रं वाचायची कशी

पहिल्या महायुद्धात झार निकोलाय दुसरा लष्करी मुख्यालयात असला की त्याची बायको अलेक्सांद्रा त्याला राजधानी पेट्रोग्राडजवळच्या त्सार्स्कोये सेलोच्या राजवाड्यातून जवळपास रोज लिहायची. तेही इंग्रजीत. व्हिक्टोरिया राणीची ही नात, त्यामुळे नवराबायकोची आपसातली भाषा तीच. मुली मात्र वडिलांना रशियनमध्ये लिहीत.

वाचायला बसण्याआधी तारखा लावून घ्या. रशियात तेव्हा ज्युलियन पंचांग चालायचं. १३ दिवस मिळवल्याशिवाय बाकीच्या युरोपातल्या घडामोडींशी मेळ बसत नाही. शिवाय पत्र दूताबरोबर जायचं, तार त्याआधी पोचायची. नुसतं पत्राला पत्र जुळवत गेलात तर मधलाच दुवा हरवतो. तारा सोबत ठेवाव्याच लागतात. नशिबाने ती आपल्या पत्रांवर क्रमांक घालायची.

मग नावं. 'बेबी' म्हणजे युवराज अलेक्सेई. 'आमचा मित्र' म्हणजे राजघराण्याच्या जवळचा साधू रास्पुटिन. 'निकोलाशा' म्हणजे झारच्या वडिलांचा चुलतभाऊ, १९१५च्या ऑगस्टपर्यंतचा सरसेनापती. आणि 'मादाम बेकर' आल्या असं वाचलं तर कुणी पाहुणी शोधू नका, ती मासिक पाळी आहे.

खरी चूक होते ती उतारे निवडताना. १९१५च्या उन्हाळ्याअखेर ख्वोस्तोव्हला गृहमंत्री करा म्हणून ती हट्टाला पेटली, किंवा १४ डिसेंबर १९१६ला 'पीटर द ग्रेट हो, इव्हान द टेरिबल हो, यांना चिरडून टाक' असं तिने लिहिलं, एवढंच उचललं की सत्तेची हाव असलेली बाई दिसते. तिचं राजकारण घातक होतं यात मला शंका नाही. पण मुलाच्या तब्येतीच्या ओळी गाळल्या तर त्याचं मूळच कळत नाही. अलेक्सेईला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार. ऑक्टोबर १९१५मध्ये तो मोगिलेव्हच्या मुख्यालयात वडिलांकडे राहायला गेला, त्यांच्याच खोलीत कॅम्पकॉटवर झोपू लागला. इकडे आईला त्याच्या हातापायाच्या प्रत्येक दुखण्याची धास्ती. डिसेंबरात त्याच्या नाकातून रक्त वाहू लागलं, थांबेना, आणि त्याला परत आणावं लागलं. पोरगा वाचतो तो रास्पुटिनच्या प्रार्थनेने, ही तिची पक्की श्रद्धा. म्हणून रास्पुटिनला मानणारा मंत्री चांगला आणि त्याचा विरोधक तो घराचा वैरी, इतकं सरळ गणित ती मांडायची.

फेब्रुवारी १९१७च्या अखेरची पत्रं मात्र सलग वाचा. घरात मुलांना गोवर, पेट्रोग्राडमध्ये भाकरीसाठी दंगे, आणि ती त्या दंग्यांना गुंडांची चळवळ म्हणते. पुढे झारची गाडी कुठे अडकली आहे हेच तिला कळेना. २ मार्चला तिने दोन तरुण अधिकाऱ्यांबरोबर वेगवेगळी पत्रं धाडली, निदान एक तरी पोचावं म्हणून. त्याच दिवशी पस्कोव्हला झारने सिंहासन सोडलं.

त्यानंतर तिने बरेच कागद जाळले, आजीची पत्रंसुद्धा. नवऱ्याशी झालेला पत्रव्यवहार तेवढा ठेवला, म्हणून तो आज वाचता येतो.