मंकची शक्ती म्हणजे फोनची बॅटरी नाही यार

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ. त्यात माझा सगळ्यात आवडता क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, मंक, आतल्या शक्तीवर लढणारा साधू. विझार्डचं मंत्रांचं पुस्तक हिसकावता येते, फायटरची तलवार काढून घेता येते, पण मंकचं सगळं आतच, त्याला रिकाम्या हातानं कोठडीत टाकलं तरी तो तितकाच खतरनाक. आणि तरी सगळे ही शक्ती बॅटरीसारखी वापरून राहिले. 2014 च्या नियमांत दुसऱ्या लेव्हलला 2 'की' पॉइंट ('की' म्हणजे हीच आतली शक्ती), पाचव्याला 5, एक खर्च करा, समोरच्याला सुन्न करणारा स्टनिंग स्ट्राइक मारा, पॉइंट संपले तर शॉर्ट रेस्ट, म्हणजे पात्राची छोटी विश्रांती, आणि पॉइंट परत. त्या रेस्टमध्ये निदान 30 मिनिटं ध्यान करायचं असं स्पष्ट लिहिलं आहे, पण ते ध्यान खेळतं कोण? डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणतो, झाली रेस्ट, चला पुढे. 2024 मध्ये त्याचं फोकस पॉइंट झालं, खेळायची पद्धत तीच.

मला हे खरंच खटकते, कारण आपण चांगदेवाची गोष्ट ऐकत मोठे झालेले लोक आहोत. चौदाशे वर्षांचा योगी, वाघावर स्वार, हातात सापाचा चाबूक, आणि ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला तर मायना काय लिहावा तेच सुचेना, कोरा कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाली, एवढं जगून कोराच राहिला. पतंजलीनेही तिसऱ्या पादात सिद्धी मोजून दाखवल्या आणि तिथंच सांगून टाकलं की समाधीत या अडथळा आहेत. म्हणजे आतल्या शक्तीला धोका आतूनच, मिरवण्याचा.

म्हणून आमच्या नागपूरच्या धरमपेठमधल्या ग्रुपसाठी मी रामटेकच्या गडावरून सुचलेला एक मठ रचला आणि एक घरचा नियम टाकला, त्याचं नाव गाठ. गरज नसताना, नुसती दाखवायला शक्ती वापरली की एक पॉइंट बांधला जातो, कितीही रेस्ट घ्या, परत येत नाही. शक्ती हाताशी असताना ती न वापरता एखादं अवघड काम पार पाडलं तरच तो सुटतो. नाक्यावरचा शिपाई तोंडावर अपमान करतो आणि मंक खेळणारा पोट्टा फासा उचलून परत खाली ठेवतो, बोलायला लागतो, तेव्हा मला ते पात्र खरं वाटते.

एकच सांगतो, गरज होती का मिरवणं होतं हे डीएमने ठरवू नका. खेळणाऱ्यालाच विचारा, आणि तो जे म्हणेल ते मान्य करा.