सुटा 'पोस्त'

बुधवार, रात्री उशिरा

'पाउकिस पोस्त दिएबुस.' आज लॅटिनच्या या तीनच शब्दांपाशी तासभर अडले. 'पोस्त' म्हणजे मागे, नंतर. पुढचं नाम अ‍ॅक्युजेटिव्हमध्ये, म्हणजे आपल्या द्वितीयेसारख्या विभक्तीत, हे पहिल्याच महिन्यात घोकलेलं. आणि इथे 'दिएबुस', म्हणजे दिवस, तर अ‍ॅब्लेटिव्ह, वेगळ्याच विभक्तीत! छपाईची चूक असेल म्हणून दुसरं पुस्तक काढलं, तिथेही तेच. मग मोठ्याने मराठीत म्हणून पाहिलं, 'थोड्या दिवसांनी, नंतर', आणि उलगडलं. दिवस फक्त किती ते सांगताहेत. 'पोस्त' त्यांना बांधलेलाच नाही, सुटा आहे.

शब्दकोशात 'अंते' (आधी), 'सुप्रा' (वर), 'इन्फ्रा' (खाली), 'किर्कुम' (भोवती), 'काँत्रा' (विरुद्ध) सगळ्यांचं असंच: कधी नामाला बांधलेले, कधी सुटे. मी मात्र वहीत त्यांची दोन रकान्यांत दोनदा नोंद केली होती, जणू वेगवेगळे शब्द. आपण 'वर जा' म्हणतो आणि 'माळ्यावर जा' म्हणतो. शाळेत एकाला क्रियाविशेषण म्हटलं, दुसऱ्याला शब्दयोगी, पण 'वर' दोन आहेत असं कुणाला वाटतं का?

सगळेच असे मोकळे नाहीत. 'इन' (आत), 'आद' (कडे), 'एक्स' (मधून) यांना नाम लागतंच. 'आत ये' म्हणायला 'इंत्रो', 'आत आहे' म्हणायला 'इंतुस'. बाहेर जायचं तर 'फोरास', बाहेर असायचं तर 'फोरिस'. आपलं एकटं 'बाहेर' दोन्ही निभावतं.

पण आज खरी हरखले ती फेस्तुस या प्राचीन रोमन कोशकाराने टिपून ठेवलेल्या जुन्या प्रार्थनेमुळे: 'सुब वोस प्लाको'. तुम्हाला विनवतो. पुढे 'सुब' आणि 'प्लाको' चिकटून 'सुप्लिको' हे एक क्रियापद झालं, पण इथे दोघांच्या मधे 'वोस', तुम्ही, बसलंय. वाचता वाचता ओठांवर आलं ते ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तातलं, आजोबा रोज पहाटे म्हणायचे ते: 'उप त्वाग्ने दिवेदिवे'. तिथला 'उप' ज्याचा आहे ते 'एमसि', म्हणजे 'आम्ही येतो', थेट ऋचेच्या शेवटी येतं, आणि मधे 'त्वा', तुला. 'सुब' आणि 'उप' मुळात एकाच घरचे. 'सुब वोस', 'उप त्वा'. कितीतरी वेळ दोन्ही आळीपाळीने म्हणत बसले.

फेस्तुस तिथेच जुन्या कायद्यांतलं 'त्रान्सक्वे दातो' देतो. तिथेही 'त्रान्स' आणि 'दातो' यांच्यामधे 'क्वे', म्हणजे 'आणि', शिरलाय. उद्या ते नीट बघायचं. दोन रकान्यांमधली रेघ आत्ताच खोडली.