नवगावच्या बेने इस्रायली कबरस्तानात दोन दिवस

गेल्या डिसेंबरात अलिबागच्या उत्तरेस, समुद्राजवळच्या नवगावातील बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या, कबरस्तानाची नोंद करण्यासाठी आम्ही दोघे मित्र गेलो होतो. येथे गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली आणि बुडालेल्यांना याच जागी पुरले, अशी या समाजाची परंपरागत आठवण आहे. त्यांचे वंशज पुढे कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले व शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली, त्यामुळे अनेक थडग्यांकडे पाहणारे जवळचे कोणी आता गावात राहिलेले नाही.

पहिल्या दिवशी आम्ही एक चूक केली. अक्षरे दिसतील त्या दगडाकडे धावत गेलो, आणि दुपारी छायाचित्रे पुष्कळ जमली तरी कोणता दगड कोणत्या रांगेतला हे सांगता येईना. शिवाय लेख नसलेली थडगी, जी बहुधा जुनी असतात, आम्ही नुसतीच ओलांडली होती. दुसऱ्या दिवशी दारापासून दोरी धरून रांगा आखल्या, प्रत्येक थडग्याला, अगदी नुसत्या उंचवट्यालाही, क्रमांक दिला आणि मगच लेखांकडे वळलो. माझ्या मते नकाशा हेच या कामाचे पहिले पान असले पाहिजे, कारण दगड उद्या हलला तरी त्याची जागा नकाशावर राहते.

लेख वाचण्यासाठी खडू किंवा पीठ चोळू नये, तारेचा ब्रश आणि आम्ल तर कधीही वापरू नये. मऊ ब्रश व साधे पाणी पुरते. सकाळचे तिरपे ऊन आरशाने दगडावर पाडले की पुसट अक्षरेही उठून दिसतात. मराठी मजकुरातील ऱ्हस्वदीर्घ जसेच्या तसे उतरवावेत. किहीमकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर अशा आडनावांतले गाव घराण्याच्या शोधाला उपयोगी पडते. हिब्रू लेखाच्या आरंभी बहुधा पे व नून ही दोन अक्षरे असतात. त्यांचा अर्थ ‘येथे पुरले आहे’. हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंकाचे मूल्य असते, म्हणून वर्ष अक्षरांतच लिहितात आणि हजाराचा आकडा पुष्कळदा गाळतात. अक्षरांची बेरीज ६५० आली तर ते हिब्रू पंचांगाचे वर्ष ५६५० समजावे आणि ६५० मध्ये १२४० मिळवून इ.स. १८९० काढावे, मात्र मृत्यू हिब्रू नववर्षानंतर, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर, डिसेंबरअखेरपर्यंतचा असल्यास १२३९ मिळवावे.

मुंबईहून गेटवे ते मांडवा लाँच व पुढे अलिबागच्या वाटेने बस किंवा रिक्षा सोयीची आहे. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात आणि कबरस्तानात गवतही माजते, म्हणून दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत जावे व पायांत पूर्ण बूट घालावेत. परवानगीसाठी अलिबागच्या इस्रायल आळीतील मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात) आधी विचारावे, पण शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत नव्हे. आत पुरुषांनी डोके झाकावे, थडग्यावर ठेवलेले खडे आठवणीचे असतात म्हणून ते हलवू नयेत, आणि बाहेर पडताना हात धुण्याची रीत असल्याने पाण्याची बाटली जवळ ठेवावी. एका दगडाचा खालचा भाग मातीत गेला होता आणि वर केवळ नावाचा आरंभ दिसत होता. आम्ही तो उकरला नाही, ‘पुढील मजकूर जमिनीखाली’ एवढेच वहीत लिहिले आणि त्या वहीची एक प्रत अलिबागला देऊन आलो.