अजिंक्यतारा ते चाळकेवाडी: जिओकॅशिंगसाठी फोन घ्यावा की हातातला जीपीएस?

साताऱ्यातल्या एका मित्राने आमच्यासाठी तीन डबे लपवून ठेवले होते. एक अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, एक सज्जनगडाच्या पुढे ठोसेघरच्या रस्त्याला आणि तिसरा चाळकेवाडीच्या पठारावर. पहिला आम्ही मे महिन्यात शोधला, उरलेले दोन जुलैच्या पावसात. बरोबर कॉलेजात जाणारा भाचा, त्याचा नवा फोन, माझा चार वर्षं वापरलेला फोन आणि माझा जुना गार्मिन ईट्रेक्स, म्हणजे हातात धरायचा बटणांचा जीपीएस. फोन पुरतो की वेगळा जीपीएस घ्यावा, असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांना जिओकॅशिंगचा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: कुणीतरी डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश देतो. तुम्ही तो शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि होता तसाच परत ठेवायचा. नागरी जीपीएसमध्ये अमेरिका मुद्दाम घालत असलेली चूक २ मे २००० रोजी बंद झाली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये डेव्ह अल्मर यांनी पहिला डबा ठेवला.

सुरुवातीलाच आमचा अर्धा तास गेला. मित्राने आकडे अंश आणि दशांश मिनिटांत दिले होते, या खेळात तसेच देतात. मी ते घाईत दशांश अंश समजून भरले. भाचा म्हणाला, "मामा, हे तर पार कोकणाच्या बाजूला दाखवतंय." उदाहरणादाखल १७° ४०.२५०′ हा आकडा घ्या. त्याचे दशांश अंश होतात १७.६७०८. तेच तुम्ही १७.४०२५० असे भरलेत, तर एकट्या अक्षांशात जवळपास ३० किलोमीटरचा घोळ होतो. त्यामुळे ॲपमध्ये किंवा जीपीएसमध्ये आधी आकड्यांची पद्धत बघा आणि अक्षांश-रेखांश मोजण्याचा आधार (मॅप डेटम) जीपीएसचा नेहमीचा डब्ल्यूजीएस ८४ आहे ना, तेही बघा. शेवटचा दशांश एकाने चुकला तर फरक जेमतेम दोन मीटरचा पडतो, त्याची काळजी नको. पद्धत चुकली तर मात्र दिवस वाया जातो.

मे महिन्यातल्या उन्हात अकराच्या सुमारास अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर माझ्या फोनवर काही म्हणजे काही दिसेना. उजेड पूर्ण वाढवला, तर फोन तापला आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरू लागली. ईट्रेक्सचा छोटा पडदा उलट उन्हात जास्त स्पष्ट दिसतो, कारण तो सूर्यप्रकाशच परावर्तित करतो. दोन पेन्सिल सेलवर तो दिवसभर चालतो आणि सेल संपले तर साताऱ्यात कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. रिचार्जेबल सेल घालणार असाल तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरीची पातळी चुकीची दिसते.

अचूकतेत मात्र भाच्याच्या फोनने माझ्या जुन्या ईट्रेक्सवर मात केली, आणि हे मला मोकळेपणाने सांगायचंय. वाटेत एका बाजूला उभा कातळ आहे. तिथे माझा फोन आणि ईट्रेक्स दोघेही जागा वीस-पंचवीस मीटर इकडेतिकडे हलवत होते. उपग्रहाचा सिग्नल कातळावर आपटून उशिरा पोचतो आणि यंत्र फसतं. भाच्याचा फोन दोन लहरींवर ऐकतो, एल१ आणि एल५. एल५ ची रचना अशी आहे की आपटून आलेला सिग्नल खऱ्यापासून वेगळा काढणं सोपं जातं. त्याचा ठिपका बऱ्यापैकी जागेवर राहिला. फोन घेताना जीपीएसच्या माहितीत 'एल१+एल५' किंवा 'ड्युअल फ्रिक्वेन्सी' लिहिलंय का, ते बघा. आमच्या सह्याद्रीत कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा हे जास्त कामाला येतं. हातातल्या यंत्रांत गार्मिनच्या जीपीएसमॅप ६५ मध्ये ही सोय आहे, साध्या ईट्रेक्स १० किंवा २२एक्स मध्ये नाही.

मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा दाखवतो. पण लपवणाऱ्याच्या यंत्रातही तेवढीच चूक असू शकते. दोन्ही धरल्या तर दहा मीटरचं वर्तुळ झालं. तिथे पोचलात की यंत्र खिशात टाका आणि डोळे वापरा. भाचा पडद्याकडे बघत गोल गोल फिरत होता, तेवढ्यात मला झुडपाच्या बुंध्याशी मुद्दाम रचल्यासारखे तीन दगड दिसले. त्याखाली स्टीलचा डबा होता.

जुलैत बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा रिमझिम होती. सज्जनगडाच्या पुढे धुवांधार सुरू झाला आणि फोनचं खरं दुखणं तिथे कळलं. ओल्या पडद्यावर बोट चालतच नाही. वर पडलेल्या थेंबांनी नकाशा आपोआप मोठा-लहान होत होता. एकदा तर ॲपने दुसरंच ठिकाण निवडलं. पारदर्शक पिशवीत घातला तर पिशवीला आतून वाफ धरली. ईट्रेक्सचं बटण ओल्या अंगठ्याने सहज दाबता येतं आणि तो चिखलात पडला तर धुऊन घेता येतो. पावसात फिरायचं असेल तर एवढ्या एका कारणासाठीसुद्धा जुना, बटणांचा जीपीएस विकत घ्यावा, असं माझं मत आहे.

फोनवरच जाणार असाल तर साताऱ्यातून निघण्याआधी नकाशा उतरवून ठेवा. ठोसेघरच्या पुढे आमचं नेटवर्क सारखं जात होतं. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशाला लागतं. फोन विमान मोडवर टाकला तरी जीपीएस चालू राहतो आणि टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. अँड्रॉइडवर सीजिओ हे जिओकॅशिंगचं ॲप फुकट आहे. फोनच्या कव्हरला चुंबकाची झडप असेल तर ती काढा, नाहीतर डब्याची दिशा दाखवणारा बाण भलतीकडे वळतो. गाडीच्या बॉनेटवर फोन ठेवूनही दिशा बघू नका. ईट्रेक्स २२एक्स मध्ये होकायंत्रच नाही, उभं राहिलं की बाण भरकटतो, चालताना नीट होतो. ३२एक्स मध्ये होकायंत्र आहे.

परदेशातून कुणी जीपीएस आणणार असेल तर त्यांना आधीच सांगा: उपग्रहावरून संदेश पाठवणारी इनरीचसारखी यंत्रं परवान्याशिवाय बाळगणं भारतात बेकायदेशीर आहे. विमानतळावर माणूस अडकतो. साधा जीपीएस आणि हे यंत्र दिसायला सारखंच असतं, म्हणून नाव नीट वाचून घ्या.

स्वतः डबा ठेवायचा असेल तर किल्ल्याच्या तटातले दगड हलवू नका, खड्डाही खणू नका. कासच्या पठारावर तर डबा ठेवूच नका. तिथे कातळावर बोटभर माती आहे आणि तीच सगळी फुलं सांभाळते. कासचं काही दाखवायचं असेल तर अर्थकॅश करा, त्यात डबा नसतो, जागेवर जाऊन दगडामातीबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात.

चाळकेवाडीला पोचलो तेव्हा पवनचक्क्यांची पाती धुक्यात अर्धीच दिसत होती. यंत्र सांगत होतं, डबा १४० मीटरवर, सरळ समोर. आम्ही गवतातून निघालो. म्हशींमागे इरलं घेऊन उभ्या असलेल्या एका आजींनी हाक मारली, "काय हुडकताय रं?" डब्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिकडनं जाऊ नगासा, म्होरं कडा हाय. वरनं वाट हाय बघा."

बाण सरळ रेषेतलं अंतर दाखवतो. मधे दरी आहे की रस्ता, हे त्याला ठाऊक नसतं, फोनलाही नाही आणि ईट्रेक्सलाही नाही. आजींनी दाखवलेल्या वाटेने वळसा घालून गेलो, पंधरा मिनिटं जास्त लागली. दाखवलेल्या जागेपासून नऊ पावलांवर डबा सापडला. आतली वही कोरडी होती. भाच्याचं बॉलपेन ओल्या हातात उठेना, डब्यातल्या पेन्सिलीने त्याने दोघांची नावं लिहिली आणि खाली आजींसाठी एक ओळ सोडली. परत जाताना त्यांना नाव विचारायचं ठरलं होतं, पण तोवर म्हशी धुक्यात पुढे गेल्या होत्या.